पंखा सुरू झाला की काटा आणखी वर चढतो! (प्रीमियर पद्मिनी, इलेक्ट्रिक पंखा) मदत हवी आहे

निळी_पद्मिनी (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. बाबांची १९८३ची पद्मिनी गेल्या वर्षी गावाहून पुण्याला आणली. बारा वर्षं शेडमध्ये उभी होती. वर्षभर शनिवार-रविवार तिच्यातच गेले. इंजिन उघडून रिंगा आणि बेअरिंगं बदलली, ब्रेकचं सगळं काम झालं, कार्बोरेटर साफ झाला. गाडी गोड चालते. आता एकाच गोष्टीपाशी अडलोय. ट्रॅफिकमध्ये तापते.

आधी काय काय केलंय ते सांगतो. मूळ पंखा वॉटर पंपाच्या पुलीवर असतो, त्याच्या एका पात्याला मुळाशी तडा दिसला म्हणून तो काढला. ॲक्सेसरीच्या दुकानात म्हणाले, इलेक्ट्रिक बसवा, इंजिनावरचा भार कमी होईल. त्यांनी मारुती ८००चा जुना पंखा रेडिएटरच्या मागे, म्हणजे इंजिनाच्या बाजूला, पट्ट्या मारून बसवला. रेडिएटरच्या खालच्या टाकीला बुश झाळून त्यात थर्मो स्विच (पाणी तापलं की पंखा आपोआप चालू करणारा) लावला. तो ९२ला लागतो, ८७ला सुटतो. मी डॅशखाली नवा इलेक्ट्रिक टेंपरेचर मीटर लावला.

हायवेला ८०च्या वेगात काटा ८८वर स्थिर असतो, काही तक्रार नाही. सिंहगड रोडला गर्दीत अडकलो की ९५, मग १००, १०४. तेव्हा कुठे पंखा लागतो. आणि ज्या क्षणी लागतो त्या क्षणी काटा उडी मारून ११०वर जातो. पंखा बंद झाला की झटकन खाली येतो. रात्री हेडलाइट लावल्या की प्रकार आणखी वाईट. परवा नवले पुलाखाली वाफ बाहेर आली आणि गाडी ढकलून बाजूला घ्यावी लागली.

कूलंट निम्मं, पाणी निम्मं. पंप नवा. बेल्ट नवा.

दिवाळीत बाबांना याच गाडीतून वाई-पाचगणीला न्यायचंय. त्यांचं वय ७४. ही गाडी त्यांनी वीस वर्षं चालवली, तेव्हा ती कधी तापल्याचं त्यांना आठवत नाही. माझ्या हातात आल्यावर ती तापावी हे मनाला लागलंय.

---

कुर्ला_काळीपिवळी

फोटो टाका दादा, निळा रंग मूळचा आहे का?

माझे वडील २६ वर्षं पद्मिनी टॅक्सी चालवायचे. दादर ते सीएसटी, मे महिन्यात, दिवसभर. आमच्या गाडीला इलेक्ट्रिक पंखा नव्हता आणि ती तापायचीही नाही. ऑक्टोबर २०२३मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची पद्मिनी टॅक्सी गेली, तोवर बहुतेक सगळ्या त्या पुलीवरच्या पंख्यावरच चालल्या. तेव्हा मूळ रचनेत खोट नाही, हे आधी मनाशी पक्कं करा. काहीतरी बदललंय, ते शोधायचंय.

---

जुना_फिटर

धागा वाचला. मी एसटीच्या वर्कशॉपातून निवृत्त झालो, हात अजून काळेच असतात.

पहिलं काम, थर्मोस्टॅट (पाणी गरम होईपर्यंत रेडिएटरची वाट अडवणारी झडप) काढून टाका. आपल्या हवेत त्याची गरज नाही. दुसरं, रेडिएटर खोलून नळ्यांमधून सळई मारून घ्या. बारा वर्षं उभी गाडी म्हणजे नळ्यांमध्ये क्षार बसलेलेच असणार. गावाकडे बोअरचं पाणी ओतलं असेल तर विचारूच नका. तिसरं, पंखा उलटा तर फिरत नाही ना बघा. वायरी उलट लागल्या की पंखा उलटा फिरतो, वारा तर येतो, पण इंजिनाची गरम हवाच रेडिएटरवर फेकतो. जाळीपुढे वर्तमानपत्राचा कागद धरा. कागद जाळीला चिकटला तर बरोबर, उडून तुमच्याकडे आला तर उलटा.

---

भाबडा_प्रश्न

मी नवीन आहे, साधा प्रश्न. स्विचची भानगडच नको, पंखा इग्निशनला जोडून कायम चालू ठेवला तर?

---

ऋ_अँपिअर

@निळी_पद्मिनी, रेडिएटर खोलायच्या आधी थांबा. तुमच्या वर्णनात एक फार मोलाची गोष्ट आहे. पंखा लागल्या क्षणी काटा सहा अंशांनी उडी मारतो आणि बंद झाला की झटकन खाली येतो.

पाणी असं वागू शकत नाही. गाडीत सहा-सात लिटर पाणी धरा. ते दहा अंशांनी तापवायला अडीचशे ते तीनशे किलोज्यूल लागतात. घरातल्या २ किलोवॅटच्या गीझरला त्यासाठी दोन मिनिटांच्या वर वेळ लागेल. एका क्षणात उडी मारणारी गोष्ट पाणी नसते, वीज असते. म्हणजे त्या उडीपुरता तुमचा मीटर खोटं बोलतोय.

असं का होतं ते सांगते. मीटरला तीन वायरी असतील, एक इग्निशनची, एक सेन्सरची, एक अर्थची (बॅटरीच्या मायनसकडे परत जाणारी). सेन्सरची अर्थ इंजिन ब्लॉकमधून जाते. मीटरची अर्थ बहुधा बॉडीच्या एखाद्या स्क्रूला आहे. पंख्याची अर्थही त्याच स्क्रूला किंवा त्याच गंजक्या पत्र्याला असेल तर पंख्याचे आठ-नऊ अँपिअर त्या वाटेने जाताना तिथला व्होल्टेज वर उचलला जातो. मीटरला वाटतं सेन्सरचा रेझिस्टन्स कमी झाला, म्हणजे पाणी तापलं. हेडलाइटचंही तेच.

मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा. काळी प्रोब थेट बॅटरीच्या मायनस खुंटीवर, क्लॅम्पवर नाही. लाल प्रोब मीटरच्या अर्थ स्क्रूवर. पंखा चालू करून आकडा सांगा. ०.१च्या वर असेल तर अर्थ खराब. मग तसंच प्लस बाजूला, बॅटरीच्या प्लस खुंटीपासून पंख्याच्या प्लस वायरीपर्यंत.

आणि कृपा करून, बॅटरी जोडलेली असताना पंख्याजवळ हात घालू नका. थर्मो स्विच थेट बॅटरीवर जोडलेला असेल तर इंजिन बंद असतानाही तो लागू शकतो.

---

निळी_पद्मिनी

काका, कागद जाळीला चिकटला. दिशा बरोबर आहे.

ऋताई, मोजलं. इंजिन आयडलला (गाडी उभी, इंजिन मंद चालू), हेडलाइट चालू, पंखा चालू:

बॅटरीवर १२.१ व्होल्ट.
मीटरच्या अर्थ स्क्रूवर ०.९.
बॅटरी प्लस ते पंखा प्लस १.३.
पंख्याच्या दोन्ही टोकांवर ९.९.

मित्राकडून क्लॅम्प मीटर आणला, पंखा साडेआठ अँपिअर घेतोय.

तुम्ही म्हणालात तसंच निघालं. पंख्याची, मीटरची आणि हॉर्नची अर्थ एकाच स्क्रूवर आहे आणि त्याखाली रंग आणि गंज दोन्ही. वायरी पण बारीक आहेत, घरातल्या बेलच्या वायरीसारख्या.

---

ऋ_अँपिअर

वा, इतकं नीट मोजून सांगणारं माणूस भेटलं की काम सोपं होतं.

म्हणजे पंख्याला मिळायला हवेत साडेतेरा व्होल्ट, मिळतायत दहापेक्षा कमी. पंख्याचा वेग साधारण व्होल्टेजच्या प्रमाणात जातो आणि वारा वेगाच्या प्रमाणात. म्हणजे पाऊण वारादेखील मिळत नाहीये.

करायचं असं. एक चार पायांचा रिले (बारीक करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) घ्या. ३० नंबरच्या पायाला बॅटरी प्लसवरून ४ स्क्वेअर एमएमची वायर, मध्ये बॅटरीजवळच २० अँपिअरचा फ्यूज. ८७वरून पंख्याचा प्लस, तोही ४ स्क्वेअरने. ८६ला इग्निशनवरून बारीक वायर. ८५ थर्मो स्विचला, स्विचचं दुसरं टोक अर्थला. पंख्याचा मायनस जाडच वायरीने सरळ बॅटरीच्या मायनसला, बॉडीवर विसंबू नका. मीटरची अर्थ वेगळी काढून इंजिन ब्लॉकवर न्या, म्हणजे सेन्सर आणि मीटर एकाच जमिनीवर उभे राहतील. इंजिन ते बॉडी जी विणलेली पट्टी असते ती पण बघा, ती हमखास तुटलेली असते.

८५ आणि स्विच यांच्यामधून एक वायर फोडून डॅशखाली एका साध्या बटणातून अर्थला घ्या. स्विच कधी बिघडला तर हाताने पंखा चालू करता येईल.

@भाबडा_प्रश्न, कायम चालू ठेवला तर पंखा त्याचं काम करेल, पण हायवेला वाऱ्यानेच थंडावा मिळत असतो. तिथे तो विनाकारण वीज खाईल आणि मोटरचे ब्रश झिजतील. या गाडीत तर डायनॅमो (बॅटरी चार्ज करणारं जुन्या पद्धतीचं जनित्र) आहे, तिथे एकेक अँपिअर मोजून वापरायचा.

---

सातासमुद्रापार

मी इंग्लंडात राहतो, माझ्याकडे एमजीबी ही जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार आहे. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात या गाडीला कारखान्यातूनच इलेक्ट्रिक पंखे यायला लागले, त्यामुळे इथे हा विषय खूप चर्चिला जातो. एक फरक ध्यानात ठेवा. रेडिएटर किती उष्णता टाकतो हे पाणी आणि हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. इथे उन्हाळ्यात हवा २० अंश असते, पाणी ९० असेल तर फरक ७०. पुण्यात एप्रिलमध्ये हवा ४०, फरक ५०. तोच रेडिएटर, तोच पंखा, पण ताकद जवळपास २९ टक्क्यांनी कमी. इथल्या लोकांनी 'मला काही त्रास झाला नाही' असं लिहिलेलं वाचून तिथे पंख्याचा आकार ठरवू नका.

दुसरं, थर्मो स्विच खालच्या टाकीत का? इथे बरेच लोक जुन्या गाडीत केनलो कंपनीचा इलेक्ट्रिक पंखा बसवतात, त्याचा तापमान ओळखणारा बल्ब वरच्या होजमध्ये जातो. इंजिनातून निघणारं पाणी किती गरम आहे, हेच कळायला हवं ना?

---

निळी_पद्मिनी

याचा विचारच केला नव्हता. इन्फ्रारेड थर्मामीटर आणला आहे, उद्या वरच्या आणि खालच्या टाकीचं तापमान घेतो.

---

ऋ_अँपिअर

घेताना एक काळजी घ्या. रेडिएटरची टाकी पितळी असते. चकचकीत धातूवर तो थर्मामीटर खूप कमी आकडा दाखवतो. जिथे मोजायचं तिथे काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवा आणि टेपवर नेम धरा.

---

निळी_पद्मिनी

टेपबद्दल सांगितलंत ते बरं झालं. पितळावर ७१ आला आणि बाजूच्याच टेपवर ९६!

आज रविवार, पूर्ण दिवस गाडीखाली. रिले, जाड वायरी, वेगळ्या अर्थ, सगळं ताईंनी सांगितलं तसं केलं. अर्थ स्क्रूवर आता ०.०४. पंख्याला आयडलला, हेडलाइटसकट, ११.७ मिळतात. पंख्याचा आवाजच बदलला, आधी घुरघुर होती, आता सणसणीत वारा. आणि काट्याची उडी बंद झाली. पंखा लागतो, काटा जागचा हलत नाही, मग सावकाश खाली यायला लागतो.

पण पंखा अजूनही उशिरा लागतो. लागतो तेव्हा टेपवर वरची टाकी १०४ आणि खालची ९२.

---

सातासमुद्रापार

बारा अंशांचा फरक. स्विच त्याचं काम चोख करतोय, ९२ला लागतोय. फक्त तो चुकीच्या टाकीत बसलाय. नव्या गाड्यांमध्येही कधी कधी बाहेर पडणाऱ्या थंड बाजूला स्विच असतो, पण तिथे त्याचा आकडा त्या हिशेबाने ठरवलेला असतो. तुमचा ९२-८७ वरच्या टाकीसाठी योग्य.

---

जुना_फिटर

वरच्या टाकीला बुश झाळताना टाकी उतरवावीच लागेल. उतरवलीच आहे तर सळई मारूनच घ्या, तेवढं माझं ऐका. नाना पेठेत जुने रेडिएटरवाले अजून आहेत, त्यांच्यासमोर उभं राहून करून घ्या. टाकी काढल्यावर नळ्यांच्या तोंडाकडे स्वतःच्या डोळ्यांनी बघा. ॲसिडमध्ये जास्त वेळ ठेवू देऊ नका, जुनं झाळकाम सुटतं.

---

घाटवाट

मी वाईचा. तुमचा बेत वाचून लिहितोय. पसरणी घाटात दर सुट्टीला बॉनेट उघडून उभ्या असलेल्या गाड्या बघतो. लोक चढ संपल्यावर पाचगणीत चहाला थांबतात, इंजिन लगेच बंद करतात, आणि तिथेच पाणी उकळतं.

त्याचं कारण उंची. पाचगणी समुद्रसपाटीपासून सुमारे १३०० मीटरवर आहे. तिथे उघड्या भांड्यात पाणी ९६च्याही थोडं आधीच उकळतं. पुण्यात ९८ला. तुमच्या रेडिएटरची कॅप दाब धरत नसेल तर पाचगणीत ९६ म्हणजे वाफ. कॅप धड असेल तर गोष्ट वेगळी. कॅपवर आकडा किती आहे?

---

निळी_पद्मिनी

कॅपवर ७ कोरलंय. आत रबर बघितलं तर कडक होऊन चिरा पडलेल्या. नवले पुलाखाली वाफ का आली ते आत्ता कळतंय.

---

घाटवाट

७ म्हणजे दर चौरस इंचाला ७ पौंड दाब, साधारण अर्धा बार. रबर चांगलं असतं तर पाचगणीतसुद्धा पाणी जवळपास १०८पर्यंत उकळलं नसतं, कूलंट घातलेलं तर आणखी थोडं वर गेलं असतं. एका रबराच्या चकतीमुळे तुमचे बारा अंश गेले होते. नवी कॅप ७चीच घ्या. १३-१४ची बसवायचा मोह होईल, पण चाळीस वर्षांच्या झाळकामावर आणि हीटरच्या होजवर तो दाब टाकू नका.

आणि इंजिन गरम असताना कॅप उघडू नका, कितीही घाई असली तरी. माझ्या चुलत्याचा हात असाच भाजला होता.

---

कुर्ला_काळीपिवळी

कूलंट निम्मं-निम्मं पण जास्तच आहे. ते प्रमाण बर्फ पडतो तिथलं, तिथे उणे ३७पर्यंत पाणी गोठू नये म्हणून. कूलंटमधलं ग्लायकॉल पाण्याइतकी उष्णता वाहून नेत नाही. आपल्याकडे ३० टक्के कूलंट आणि ७० टक्के डिस्टिल्ड पाणी भरपूर झालं. गंज लागू नये एवढ्यापुरतं ते हवंच, नुसतं पाणी नको.

---

निळी_पद्मिनी

दहा दिवसांनी आलो. काका, तुमचं ऐकलं ते फार बरं झालं. टाकी काढल्यावर डावीकडच्या नळ्यांची तोंडं पांढऱ्या थराने जवळजवळ बुजलेली दिसली. सळई मारली, आत दिवा धरून प्रत्येक नळी बघितली. वरच्या टाकीत स्विच बसला. नवी कॅप, ३० टक्के कूलंट.

आता वरची टाकी ९२ झाली की पंखा लागतो. ट्रॅफिकमध्ये ९४च्या वर गेला नाही. मी आणि माझा मुलगा दोघेही गाडीत टाळ्या वाजवत होतो.

पण नवीन प्रकार सुरू झाला. पंखा बंदच होत नाही. कात्रजच्या बोगद्यापलीकडे ७०च्या वेगात, संध्याकाळच्या गार हवेत, तरी चालूच. काटा ८८वर आणि पंखा फिरतोय. स्विच चिकटला का?

---

जुना_फिटर

सांगत होतो, थर्मोस्टॅट काढा.

---

ऋ_अँपिअर

काका, तुमच्या अनुभवापुढे मी लहान आहे, पण इथे माझं मत वेगळं आहे. काढू नये.

@निळी_पद्मिनी, तुमचा थर्मोस्टॅट किती अंशांचा आहे? हायवेला काटा ८८वर स्थिर राहतो असं तुम्ही पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलंय. म्हणजे तो ८८चा असावा. थर्मोस्टॅटचं कामच मुळी पाणी ८८च्या खाली जाऊ न देणं. आणि स्विच सुटायला हवं ८७. तेव्हा स्विच सुटण्याची वेळ कधी येणारच नाही. दोन्ही वस्तू निर्दोष आहेत, फक्त एकमेकांना जुळत नाहीत. स्विच खालच्या टाकीत होता तोवर हे लपून राहिलं, कारण खालचं पाणी थंड होतं.

एक तर ८२चा थर्मोस्टॅट घ्या किंवा वरच्या आकड्यांचा स्विच. घाटात जायचंय, तर मी ८२चा थर्मोस्टॅट घेईन.

---

जुना_फिटर

ताई, लहान-मोठं काही नाही, मुद्दा पटला. पण मी काढायला का सांगतो ते ऐका. आमच्या वेळी थर्मोस्टॅट अडकून बंद राहायचा आणि चांगलं इंजिन हेड वाकून खलास व्हायचं. एकदा असं इंजिन उघडताना बघितलं की माणूस पुन्हा विश्वास ठेवत नाही.

---

ऋ_अँपिअर

ती भीती खरी आहे. म्हणून बसवायच्या आधी तपासायचा. काढून टाकला तर थंडीत इंजिन तापायलाच वेळ लागतो, पेट्रोल जास्त जळतं, ऑइलमधलं पाणी उडून जात नाही. आणि ज्या इंजिनात बायपासची वाट असते तिथे काही गरम पाणी रेडिएटरला न जाताच परत फिरतं.

घरीच तपासा. पातेल्यात पाणी, थर्मोस्टॅट दोऱ्याने मधोमध लटकवा, तळाला टेकू देऊ नका, नाहीतर आकडा चुकेल. शेजारी थर्मामीटर. सावकाश तापवा. कुठे उघडायला लागतो आणि गॅस बंद केल्यावर पुन्हा पूर्ण मिटतो का, दोन्ही बघा. तीन वेळा करा.

---

निळी_पद्मिनी

स्वयंपाकघरात तपासला. जुना ८८ला उघडला, म्हणजे तुमचा अंदाज तंतोतंत. नवा ८२चा ८१-८२ला हलायला लागला, ९२पर्यंत पूर्ण उघडला, तिन्ही वेळा मिटला. आईने पातेलं परत घेतलं नाही, ते आता गॅरेजचं.

बसवला. हायवेला काटा ८३, पंखा बंद. गर्दीत ९२ला लागतो, दीड-दोन मिनिटांत ८७ला सुटतो. अगदी घड्याळासारखं.

एकच काळजी उरली आहे. काल रात्री गर्दीत पाऊण तास गेला, हेडलाइट लागलेल्या, आयडलला चार्जिंगचा लाल दिवा मिणमिणत होता. घरी आलो तर बॅटरी ११.८.

---

ऋ_अँपिअर

तो डायनॅमोचा स्वभाव आहे. आयडलला तो जवळजवळ काहीच देत नाही. त्या काळचे डायनॅमो पूर्ण फिरतीलासुद्धा वीस अँपिअरच्या आतबाहेर देतात. तुमचा हिशेब बघा. पंखा साडेआठ, हेडलाइट सात-आठ, इग्निशन तीन-चार, म्हणजे गर्दीत वीस अँपिअर सरळ बॅटरीतून जातायत.

दोन वाटा आहेत. डायनॅमोच्या जागी मारुती ८००चा ऑल्टरनेटर ब्रॅकेट बदलून बसवतात, त्याने आयडललाही चार्जिंग मिळतं. किंवा तडा नसलेला मूळ पंखा शोधून पुलीवर परत बसवायचा.

---

कुर्ला_काळीपिवळी

मी मूळ पंख्याच्या बाजूचा. त्याला वायर नाही, फ्यूज नाही, इंजिन फिरतंय तोवर तो फिरतोच. आता रेडिएटर साफ आहे, कॅप नवी आहे, थर्मोस्टॅट नवा आहे. तेवढ्यावर तो पुरेल, माझ्या वडिलांच्या गाडीला पुरला तसा. इकडे कुर्ल्यात सीएसटी रोडच्या भंगारवाल्यांकडे पंखा मिळेल, मी बघतो. पैसे नकोत, गाडी एकदा मुंबईला आणा, वडिलांना दाखवायची आहे.

---

जुना_फिटर

मीही तेच म्हणेन. फक्त पात्याची मुळं भिंगातून तपासून घ्या. सुटलेलं पातं बॉनेट फाडून बाहेर येतं. आणि जो पंखा लावाल त्याच्याभोवती, रेडिएटरच्या कडांपर्यंत, पत्र्याचं आवरण करा. नुसता गोल पंखा त्याच्यासमोरच्या गोलातूनच हवा ओढतो, चारी कोपरे तसेच राहतात.

---

निळी_पद्मिनी

खूप विचार केला. मूळ गाडी जपावी हे मनापासून पटतं. पण दादा, घाट चढताना दुसऱ्या गिअरमध्ये, गाड्यांच्या रांगेमागे, आयडलच्या जवळच चालावं लागतं आणि तेव्हाच पुलीवरचा पंखा मंद असतो. सोबत बाबा असणार. म्हणून ऑल्टरनेटर बसवतोय, पण बॉडीला एकही नवं भोक न पाडता. डायनॅमो आणि त्याचा कटआउट तेल लावून, कापडात गुंडाळून ठेवतोय. तुम्ही पंखा मात्र नक्की शोधा, तोही त्यांच्या शेजारी ठेवीन. आणि गाडी मुंबईला आणणारच.

पत्र्याचं आवरण काकांनी सांगितलं तसं केलं, रेडिएटरपासून पंखा दोन बोटं मागे. टेप लावून कोपऱ्यांचं तापमान घेतलं. आधी कोपरे मधल्या भागापेक्षा ११ अंशांनी गरम होते, आता फरक ३.

---

घाटवाट

निघायच्या दिवशी पहाटे निघा. वाईत नाश्ता करा, इंजिन पूर्ण गार होऊ द्या आणि मगच घाट. पाचगणीत थांबलात की इंजिन दोन मिनिटं आयडलला ठेवून मग बंद करा. बंद केल्यावर पाणी फिरायचं थांबतं आणि हेडमधली उष्णता त्यात उतरते, काटा थोडा वर जाईलच, घाबरू नका.

---

निळी_पद्मिनी

काल जाऊन आलो.

पहाटे साडेपाचला निघालो. खंबाटकी चढताना ८९, पंखा लागलाच नाही. वाईत थांबलो, गणपतीचं दर्शन घेतलं. पसरणीला दहाच्या सुमारास लागलो, पुढे दोन बस, सगळा घाट दुसऱ्या गिअरमध्ये. हॅरिसन्स फॉलीच्या आधी ९२ला पंखा लागला, वर पोचेपर्यंत ९३ ते ९४. बॅटरीवर १३.६. पाचगणीत दोन मिनिटं आयडल, मग बंद. पाच मिनिटांत काटा ९८. वाफ नाही, थेंब नाही. वीस मिनिटांनी ८०.

परत येताना वाईपासून शिरवळपर्यंत बाबांनी चालवली. त्यांचा हात स्टीअरिंगवरच्या गिअरच्या दांडीवर आपोआप गेला. डॅशखालचा मीटर त्यांना आवडला नाही, म्हणाले सारखं तिकडे काय बघतोस, रस्त्याकडे बघ.

---

जुना_फिटर

वाचून डोळे भरून आले. बाबांना नमस्कार सांगा. घाट झालाय, आता रेडिएटरचं पाणी गार असताना एकदा पातळी बघून घ्या.

---

भाबडा_प्रश्न

सगळा धागा दोनदा वाचला. माझ्याकडे काकांची १९७९ची आहे, तिलाही असाच पंखा बसवलाय. मी सुरुवात कुठून करू?

---

निळी_पद्मिनी

कॅपचं रबर बघा, दोन मिनिटांचं काम. मग मल्टिमीटर घेऊन बॅटरीच्या मायनसपासून पंख्याच्या अर्थपर्यंत, पंखा चालू ठेवून. आणि थर्मो स्विच कुठल्या टाकीत आहे ते. आकडे इथे टाका. तुम्ही पुण्यात असाल तर रविवारी गाडी घेऊन या, इन्फ्रारेड थर्मामीटर आणि काळी टेप माझ्याकडे आहे.